जोडलेला कठडा

"बाहेर बसा जरा, बधिर होऊ दे," असं म्हणून दातांच्या डॉक्टरने तिला खुर्चीवरून उठवलं. गालाला रुमाल लावून ती बाहेरच्या बाकावर येऊन टेकली, तर समोरच्या भिंतीवर तिचंच जहाज. आधी तिला त्याचं काही वाटलं नाही. हे जहाज तिला कुठेही भेटायचं: बँकेत, वकिलाच्या कचेरीत, एकदा तर एका हॉटेलात हात धुवायच्या जागेवर, साबणाचे शिंतोडे झेलत. एकोणिसाव्या वर्षी तांब्याच्या पाटीवर कोरून छापलेलं एचिंग. त्यानंतर तिने जन्मभर जे काही काढलं त्याची कुणी वास्तपुस्त केली नाही, आणि हे एकच नाठाळ पोरासारखं घराबाहेर पडून गावभर हिंडत राहिलं. तीन डोलकाठ्यांचं जुनं मालवाहू जहाज, शिडं उतरवलेली, पाणी काढून टाकलेल्या कोरड्या गोदीत टेकूंवर उभं. जीभ सुजल्यासारखी वाटत होती. खालचा ओठ कुणा दुसऱ्याचा आणून चिकटवल्यासारखा झाला होता. ती ओठ चाचपत, नुसती नजर टेकवायला जागा हवी म्हणून जहाजाकडे बघत होती, आणि बघता बघता काहीतरी खुपलं. चष्मा पुसून तिने पुन्हा बघितलं. मागच्या डोलकाठीच्या जरासं पुढे, दोन खांबांच्या मध्ये, जिथे कठडा तुटलेला होता आणि तिने कोरा कागद सोडला होता, तिथे कठडा होता. सरळ, धडधाकट, खाली त्याची सावलीसुद्धा. जहाज कसं नीटनेटकं दिसत होतं.

ती उठली आणि सरळ बाकावर चढली. "अहो आजी, पडाल!" काउंटरवरची मुलगी ओरडली. आजी म्हटल्याबद्दल एरवी तिने त्या मुलीचा पाणउतारा केला असता, पण तिचं नाक काचेला टेकलं होतं. कुणी फोटोत रंग भरून केलेली करामत असती तर तिला एवढा संताप आला नसता. आजकाल लोक माणसांचे चेहरे बदलतात, कठड्याची काय कथा. पण हा फोटो नव्हता. कागदावर पाटीच्या कडांचा दाब उमटलेला होता, आणि कठड्याच्या रेघा ॲसिडने खाल्लेल्या, शाई घेऊन कागदावर उभ्या राहिलेल्या रेघा होत्या. म्हणजे कुणीतरी तिची पाटी घेतली, तिच्यावर नव्याने मेणाचा थर चढवला, सुईने कठडा काढला, पाटी ॲसिडमध्ये बुडवली आणि छापलं. तिच्या पाटीवर. आणि सावलीच्या त्या बारीक तिरप्या रेघा! ती उजव्या हाताने रेघा ओढते, त्या तांब्यावर एका बाजूला कलतात आणि कागदावर छापताना उलटतात. चित्रभर सगळ्या सावल्या तशाच कललेल्या होत्या. फक्त कठड्याखालच्या सावलीने त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. तो डावा हात होता. आणि तिच्या पाट्यांपर्यंत पोचणारा डावा हात जगात एकच होता. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि दातओठ खावेत म्हटलं तर ओठाचा पत्ता नव्हता.

"कुठून आणलं हे?" तिने विचारलं. शब्द लोंबत बाहेर आले. मुलीला ते कळायला जरा वेळ लागला. "हे होय? ते जहाजाचं संग्रहालय उघडलंय ना नवीन, तिथून. डॉक्टरांना बोटी फार आवडतात. उतरा ना तुम्ही खाली, प्लीज. आता तुमचाच नंबर आहे." ती उतरली, पिशवी उचलली आणि दात तोंडात तसाच ठेवून जिना उतरली. मागून ती मुलगी "अहो, बधिर झालंय ना!" असं ओरडत होती, जणू तो भाग तिथेच ठेवून जायला हवा होता.

रस्त्यावर दुपारची गर्दी होती आणि तिला कुणाचाही धक्का सहन होत नव्हता. संग्रहालयाला प्रती द्यायला तिनेच होकार दिला होता. दोन महिने गुडघ्याने घरात जखडून ठेवलं होतं, तेव्हा भाऊ येऊन म्हणाला होता, "ताई, त्यांना जहाजाच्या नव्या प्रती हव्यात. छापू?" ती म्हणाली होती, "छाप." एवढंच. छाप म्हटलं होतं, जोड म्हटलं नव्हतं. भावाला सगळे डावऱ्या म्हणत, शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारूनही त्याचा हात बदलला नव्हता. पुढे तो तिच्याच कार्यशाळेत छपाई करू लागला, आणि छापयंत्राचं ते मोठं चाक त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी फिरवलं की तिला कागदावर लगेच कळायचं. ती काढणार, तो छापणार. लग्नं केली, संसार केले, पण दोघांचा खरा संसार त्या एका खोलीत शाईच्या वासात झाला. आणि त्यानेच हे करावं! दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिने त्याला चव्हाट्यावर आणलं असतं. सख्ख्या भावाला माणूस कुठल्या चव्हाट्यावर नेणार?

कारण त्या कोऱ्या जागेतूनच बाबा पडले होते. हे फक्त तिला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं आणि आई होती तोवर आईला ठाऊक होतं. बाबा त्या जहाजावर शिडं शिवायचे. हातात जाड सुई, तळव्याला चामड्याची पट्टी, मांडीवर खोलीभर पसरेल एवढं कापड. जहाज दुरुस्तीसाठी कोरड्या गोदीत घेतलं होतं. कठड्याचा तेवढा तुकडा कधीचा निखळला होता आणि तिथे नुसता दोर बांधून ठेवला होता. सगळ्यांनी मुकादमाला सांगून झालं होतं, बाबांनी सांगून झालं होतं, आणि मुकादम सगळ्यांना "होईल, होईल" म्हणत होता. खाली पाणी असतं तर माणूस भिजला असता. खाली दगड होते. संध्याकाळी कंपनीचा एक माणूस घरी आला, घरातल्या एकुलत्या एका खुर्चीत बसला आणि हळू आवाजात म्हणाला की ते पिऊन होते, तसं सगळ्यांनी सांगितलंय, पण कंपनी काही कठोर नाही, राहती खोली तुमच्याकडून काढून घेणार नाही, तुम्ही फक्त हे वाढवू नका. आईने मिठाची गुळणी धरली. ओरडली ती. "माझे बाबा पिऊन नव्हते!" तो माणूस तिच्याकडे न बघता आईला म्हणाला, "मुलगी मोठी झाली हो तुमची."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोदीवर गेली, कारण तिला पक्कं ठाऊक होतं की हे लोक आता धावत कठडा बसवतील. समोरच्या धक्क्यावर दोरांच्या वेटोळ्यावर बसून तिने जहाज काढलं. रडत नव्हती. रडायला बसली असती तर रेघ हलली असती. एक एक खांब मोजून, निखळलेल्या लाकडाची टोकं जशी होती तशी, आणि मध्ये रिकामं. चित्र पुरं होतंय तोवर दोन सुतार नवं लाकूड खांद्यावर घेऊन आलेच. ते चित्र घेऊन ती चौकशी करणाऱ्या साहेबाकडे गेली. त्याने ते हातात धरून, लांब धरून, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, "छान काढलंय. शिकतेस का कुठे?" आजही तो प्रसंग आठवला की तिचे हात शिवशिवत. मग तिने ते तांब्यावर कोरलं, कारण कागद फाडता येतो. तांबं फाडता येत नाही. आणि झालं काय? लोकांना ते आवडलं! बक्षीस मिळालं, भिंतींवर चढलं. एका मोठ्या समीक्षकाने तर लिहिलं की कठड्यातल्या त्या मोकळ्या जागेतून चित्र श्वास घेतं. श्वास! तिथून एका माणसाचा श्वास गेला होता आणि हा गृहस्थ चित्राची फुप्फुसं तपासत होता. तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगायला गेलं की समोरचा पहिला प्रश्न तोच विचारणार, आणि त्या प्रश्नाचं तिचं उत्तर तयार असे, पाठ केलेलं, घडी न मोडलेलं: पिऊन नव्हते.

रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर ती थांबली आणि फोन काढून संग्रहालयाच्या व्यवस्थापकाला लावला. नंबर होता. त्यानेच मागे गोड बोलून दिला होता, काही लागलं तर सांगा म्हणून. "अरे वा, मॅडम! आत्ताच तुमचा विषय चालला होता. प्रती नुसत्या उडताहेत." ती म्हणाली की त्या विकणं बंद करा, चित्र बदललं आहे, तिथे कठडा नव्हता, तिथून माणूस पडला होता. निदान हे सगळं म्हणायचा तिने प्रयत्न केला. पण अर्धं तोंड मेलेलं, जीभ जागेवर नाही, लाळ हनुवटीवर, आणि रागाने शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते. मग तो लहान मुलाशी बोलावं तसं बोलला, "मॅडम, आपण उद्या बोलू या का सावकाश? घरी कुणी आहे ना तुमच्याजवळ?" आणि फोन नीट न झाकता बाजूच्या कुणाला तरी म्हणाला, "भर दुपारी टाकून बसलीय गं. काय बोलतेय काही पत्ता नाही."

तिने फोन बंद केला. पायरीवर बसून राहिली. समोरून शाळेचे पोशाख गेले, भाजीच्या पिशव्या गेल्या, एका बाईने तिच्या हनुवटीकडे बघून नजर फिरवली. राग आता डोक्यात राहिला नव्हता, पोटात उतरला होता आणि तिथे गार होऊन बसला होता. ती पिऊन नव्हती. पण समजा असती? समजा चार पेले रिचवून, झिंगून तिने त्या माणसाला सांगितलं असतं की तिथे कठडा नव्हता, तर तिथे कठडा उगवला असता का? आणि असा विचार मनात आला त्याच्या मागोमाग, जणू दार उघडंच सापडलं म्हणून, ती सकाळ आत आली. बाबा उंबऱ्यात वाकून बुटाची नाडी बांधत होते. नाडी सापडत नव्हती. ती खाली बसून त्यांना बांधून देत होती, आणि वरून त्यांचा श्वास तिच्या केसांवर येत होता. तो वास. तिने मान दुसरीकडे वळवली होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि तिने तो झटकला होता. हे ती कधी विसरली नव्हती. तिने ते फक्त कधी काढलं नव्हतं.

कार्यशाळेत भाऊ एकटाच होता. छापयंत्राला तेल घालत होता. दोन महिन्यांनी बहिणीला दारात बघून त्याचा चेहरा उजळला आणि लगेच विझला, कारण ती काही न बोलता पाट्यांच्या मांडणीकडे गेली, जहाजाची पाटी ओढून तिने खिडकीपाशी उजेडात धरली आणि कठड्यावर बोट ठेवलं.

"तुझाच हात," ती म्हणाली.

"हो."

त्याने कानावर हात ठेवले असते, संग्रहालयावर ढकललं असतं, तर तिला ओरडता आलं असतं. "तोंडाला काय झालं तुझ्या?" त्याने विचारलं.

"तोंडाचं सोड! कुणी सांगितलं तुला हे? त्या संग्रहालयवाल्याने?"

"त्याला कशातलं काय कळतंय? मीच केलं. बस ना आधी."

"मी बसायला आलेली नाही. माझं चित्र आहे हे. माझी सही आहे याच्यावर."

"सही आहे तुझी," तो म्हणाला, आणि मग जन्मभर हळू बोलणाऱ्या त्या माणसाचा आवाज एकदम चढला. "सही तुझी, चित्र तुझं, राग तुझा. तू ती जागा एकदाच काढलीस, ताई. एकदा! आणि मी? पाटीला शाई लावली की सगळं काळं होतं, ती जागाही काळी होते. ती पांढरी कोण करतं? आधी कापडाने, मग हा, हा तळहात. प्रत्येक प्रतीला. आणि तू मागे उभी राहून सांगणार, 'तिथे स्वच्छ हवं, तिथे ठिपकासुद्धा चालायचा नाही.' जरा डाग राहिला की तू प्रत फाडायचीस. बाबा जिथून गेले ती जागा मी चाळीस वर्षं हाताने पुसतोय, आणि तू कधी विचारलंस, डावऱ्या, तुला कसं वाटतं?" त्याने हात पुढे केला. तळहाताच्या रेघांमध्ये शाई कायमची बसली होती. "त्या लोकांनी पुन्हा एवढ्या प्रती मागितल्या. मी पहिली पुसायला घेतली आणि माझा हात तिथे जाईना. जाईचना. तू घरात पाय वर करून पडलेली. कुणाला सांगू? मग बसवला कठडा. मला वाटलं, एकदा तरी ते पडू नयेत."

तिने खरंच कधी विचारलं नव्हतं. रेघ तिची आणि पुसणं त्याचं, ही वाटणी इतकी जुनी होती की ती वाटणी आहे हेच दोघांच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्याला जवळ घ्यावं असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्या थोबाडीत द्यावी असंही वाटलं. बधिर गालात आता मुंग्या यायला लागल्या होत्या, आणि मुंग्यांच्या मागून दाताची कळ.

"आणि राग येऊ दे तुला, पण एक सांगतो," तो खाली बघत म्हणाला. "ते पिऊनच होते. मी लहान होतो, पण मला कळत होतं. तुला तर कळतच होतं. कंपनीवाले नालायक होतेच, पण ते खोटं बोलले नाहीत. कठडा धड असता तरी—"

"तरी काय?" ती त्याच्या अंगावर धावली. "तरी काय, बोल ना! अरे, कठडा असतो कुणासाठी? शुद्धीतला माणूस आपला आपण सरळ चालतो, त्याला काय करायचाय कठडा? तो पिऊन आलेल्यासाठीच असतो! झोप न झालेल्यासाठी असतो, चक्कर आलेल्यासाठी असतो, बुटाची नाडी न बांधता येणाऱ्यासाठी असतो! होते पिऊन! मीच नाडी बांधली त्यांची. होते पिऊन, म्हणूनच तिथे कठडा हवा होता!"

छताला टांगलेल्या ओल्या कागदांमधून तिचा आवाज फिरून परत आला. हे वाक्य तिने आजवर कुणाला ऐकवलं नव्हतं, स्वतःलाही नाही. एवढी वर्षं ती त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्याच प्रश्नाचं उत्तर देत राहिली होती. पिऊन होते का? नव्हते. पिऊन होते का? नव्हते. आणि तिचा स्वतःचा प्रश्न, की लाकडाचा एक हातभर तुकडा का बसवला नाही, तो एका सुंदर चित्रात कोरून तिने भिंतींवर टांगायला देऊन टाकला होता. तिला त्या माणसाचा संताप आला, मुकादमाचा आला, मान तिरकी करणाऱ्या साहेबाचा आला, आणि या सगळ्यांच्या रांगेत शेवटी ती स्वतः उभी दिसली.

"खरवडायची सुरी कुठे आहे?" ती म्हणाली.

त्याने काढून दिली. तीन धारांची ती सुरी हातात घेऊन ती खिडकीपाशी बसली आणि कठडा खरवडू लागली. तांब्यावर रेघ ओढायला काही लागत नाही. घालवायला मात्र आजूबाजूचं तांबंही खरवडून काढावं लागतं, मग जागा घोटावी लागते, मग पाटी पालथी घालून मागून हातोडीने ठोकून तो खड्डा वर आणावा लागतो. भावाने न सांगता पाटी धरली. ती ठोकत होती, तो सरकवत होता. दाताची कळ आता कानापर्यंत गेली होती आणि तिला ती बरी वाटत होती, निदान आपली तरी होती.

"पूर्ण जाणार नाही," शेवटी तो बोटाने जागा चाचपत म्हणाला. "शाई थोडी धरणारच. करडी सावली राहील तिथे."

"राहू दे. आता कुणाला सुंदर वाटायचं नाही. शाई लाव."

त्याने शाई लावली. जहाज, गोदी, आकाश, सगळं एकसारखं काळं झालं. कापडाने त्याने वरवरची शाई काढून घेतली, आणि मग सवयीने तळहात अंगरख्याला पुसून पुढे केला. तिने त्याचं मनगट धरून बाजूला केलं.

"ही जागा मी पुसणार."

"तुला नाही जमायचं."

"सरक."

तो सरकला. तिने तळहात तांब्यावर ठेवला. तांबं कोमट होतं आणि शाई चिकट, आणि तळव्याखाली त्या दोन खांबांच्या मधली जागा तिच्या अंगठ्याएवढीसुद्धा नव्हती. एवढीशी. एवढ्याशा जागेतून आख्खा माणूस गेला होता. तिने पुसलं. काळं गेलं, करडं राहिलं. पुन्हा पुसलं. करडं तसंच.

"हलक्या हाताने, ताई," भाऊ म्हणाला. "दाबू नकोस. बाजूच्या रेघांतली शाई उपसून येते."

तिला हलक्या हाताने काही करता येत नव्हतं. ती दाबून पुसत राहिली, तळहात जळायला लागला तरी पुसत राहिली, शाई मनगटापर्यंत आली, आणि तिच्या लक्षात आलं की त्या रांगेत अजून एक माणूस उभा आहे, ज्याच्यावर ती आयुष्यात एकदाही रागावली नव्हती.

"कशाला प्यालात हो त्या दिवशी?" ती तांब्याला म्हणाली. "बाबा, कशाला प्यालात?"

भावाने छापायला म्हणून यंत्राच्या चाकावर ठेवलेला हात खाली घेतला आणि तो थांबला.